दारची सदाफुली



आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची म्हटली की चिटणीसबाई माझ्या ओटीवर येऊन बसणार आणि "बाई, इतिहासावर काहीतरी द्या" म्हणणार, हे आता ठरूनच गेले आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकविला त्याची ही शिक्षा म्हणा ना! आतापर्यंत मी आपल्या जलदुर्गावर लिहिले, पोर्तुगीजांच्या अमलावर लिहिले. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट कसे घेतले आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई कशी सर केली, हे तर आपणांपैकी पुष्कळजणींना माझ्याहून चांगले पाठ झाले असेल. यंदा मात्र किल्ला आणि तोफा सोडून मी घराच्या मागल्या दारी, विहिरीच्या कठड्यापाशी आले आहे. तिथे एक सदाफुलीचे झुडूप आहे. त्याचाच इतिहास सांगावयाचा आहे.

सदाफुलीचे कौतुक आपल्याकडे कुणी फारसे करीत नाही. मोगऱ्याला भाव आहे, सोनचाफ्याला त्याहून आहे. वसईची फुले पहाटेच्या गाडीने दादरला जातात ती हीच. सदाफुली टोपलीत कधी बसली नाही. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात, कोळीवाड्याच्या बोळात, सुरूच्या बनाकडे जाणाऱ्या वाटेवर ती आपली आपण उगवते, बारा महिने फुलते आणि कुणी पाणी घातले न घातले तरी तक्रार करीत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या सासूबाई नेहमी सांगत. शेळी अंगणातले सगळे खाईल, पण सदाफुलीला तोंड लावणार नाही. त्या वेळी मला ही नुसती गंमत वाटे.

आता जे लिहिणार आहे ते आमच्या थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेऊन लिहीत आहे. "लिही, पण खरे ते लिही, स्वतःला वाचवू नकोस," असे त्या म्हणाल्या.

२०१६ सालची गोष्ट. गणपती आठ दिवसांवर आले होते. मोदकांचे खोबरे खवता खवता जाऊबाईंनी मला हळूच सांगितले की छातीत सुपारीएवढी गाठ लागते आहे. दुखत नाही, काही नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते. "आता घरात हा विषय नको. लोकांच्या कानावर गेले तर पोरीच्या सोयरिकीत विघ्न यायचे." मी गप्प बसले. पुढे लांबचे एक नातलग आले, त्यांनी सांगितले की सदाफुलीच्या पानांचा रस रोज अनशापोटी घेतला की गाठ विरघळते. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेली मीच ना! आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हो, सदाफुलीपासून कॅन्सरचे औषध करतात, मी वाचले आहे."

वाचले होते हे खोटे नव्हते. वर्तमानपत्राच्या एका कात्रणात तेवढी एक ओळ वाचली होती. त्या एका ओळीच्या भरवशावर मी सात महिने रोज सकाळी विहिरीपाशी जाऊन पाने खुडली, पाट्यावर वाटली, फडक्यातून गाळली आणि पेल्यात घालून जाऊबाईंच्या हातात दिली. तो रस इतका कडू असे की त्यांना डोळे मिटून घ्यावा लागे. गाठ दुखत नव्हती, म्हणून गुण येतो आहे असे आम्ही समजलो. होळीनंतर काखेत दुसरी गाठ लागली, तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. मी त्याच रात्री भावजींना सगळे सांगून टाकले.

मग परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटेची अर्नाळ्याची गाडी धरून विरार, तिथून लोकलने एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून त्या स्थानकाला प्रभादेवी म्हणतात), आणि पुलावरून पलीकडे उतरून टाटा रुग्णालय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि विचारले, "घरी काही झाडपाला घेत होतात का?" जाऊबाई खाली पाहू लागल्या. मी म्हणाले, "सदाफुलीचा रस. मीच देत होते." मला वाटले, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सदाफुलीचे औषध आमच्याकडेही आहे हो. पण ते मोजून आणि शिरेतून देतात, पेल्यातून नाही. शिवाय तुमच्या आजाराला आधी दुसरेच द्यावे लागेल."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी ठरविले की त्या कात्रणातल्या एका ओळीच्या मागे काय आहे ते मुळापासून पाहावयाचे. ते पाहिले, त्यातून हा लेख झाला.

सदाफुली मूळची आपल्याकडची नव्हे. ती मादागास्कर बेटावरची. बागेतले फूल म्हणून ती उष्ण देशांत सगळीकडे पसरली आणि जिथे गेली तिथे लोकांनी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घ्यावयास सुरुवात केली. वेस्ट इंडीजमधील जमेकातही तो घेत. १९५२ साली तेथील एका रुग्णाने ही पाने टपालाने कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे पाठविली. हे नोबल म्हणजे इन्शुलिनच्या शोधात थोडक्यात मागे राहिलेले गृहस्थ. बँटिंगच्या हाताखाली आधी कुणी काम करावयाचे ह्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या मित्राने, बेस्टने, नाणे उडविले आणि नाणेफेक बेस्ट जिंकला, अशी हकिगत सांगतात. एका नाण्याने त्यांची कीर्ती हुकली. पण पाकिटातून आलेली पाने त्यांनी टाकून दिली नाहीत. आपला भाऊ रॉबर्ट नोबल ह्याच्याकडे ती पोहोचविली.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. काहीच झाले नाही. रक्तातली साखर होती तिथेच राहिली. मग त्यांनी तो टोचून पाहिला. साखर तरीही उतरली नाही, पण उंदीर भराभर मरू लागले. का, म्हणून पाहिले, तर त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या आणि साध्या जंतूंनीही त्यांना गाठले होते. दुसरा कुणी असता तर "हे तर विष" म्हणून त्याने बाटली मोरीत ओतली असती. नोबल यांना उलट सुचले. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्या वाढीला हे विष लगाम घालील का? १९५४ साली चार्ल्स बिअर हे रसायनज्ञ त्यांच्या मदतीला आले आणि त्या पानांतून त्यांनी एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. १९५८ साली ते जगापुढे आले. त्याचे नाव व्हिन्ब्लास्टीन. त्याच सुमारास अमेरिकेतील लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा ह्यांचे काम ह्याच झुडपावर चालले होते. तिथून दुसरे द्रव्य निघाले, व्हिन्क्रिस्टीन. अमेरिकेत १९६१ साली पहिल्याला आणि १९६३ साली दुसऱ्याला परवानगी मिळाली.

उंदरांची ही हकिगत वाचताना मी थबकले. तोंडावाटे दिले, तेव्हा काही झाले नाही! म्हणजे जे कॅनडातल्या प्रयोगशाळेत साठेक वर्षांपूर्वीच कळून चुकले होते तेच मी आमच्या स्वयंपाकघरात सात महिने पुन्हा करून पाहत होते, आणि उंदराच्या जागी माझी जाऊ होती. पोटातून गेलेल्या रसातले औषध रक्तात नीट पोहोचत नाही. जे पोहोचते ते किती, हे कुणालाच सांगता येत नाही. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढावयाला वाळलेल्या पानांचा ढीगच्या ढीग लागतो असे सांगतात. माझ्या मूठभर पानांत ते किती असणार? आणि बाकीची जी कडू द्रव्ये त्यात होती ती मात्र पोटात जात होती.

ही औषधे करतात काय, ते आपल्या कोळी भगिनींना मी चटकन समजावून देऊ शकते. पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्या पोटात बारीक सुतांचे एक जाळे विणले जाते. त्या सुतांना धरून अर्धा ऐवज इकडे आणि अर्धा तिकडे ओढला जातो, मग मधून पेशी तुटते. सदाफुलीचे द्रव्य त्या सुताचा पीळच बसू देत नाही. जाळे नाही, म्हणजे वाटणी नाही, म्हणजे वाढ नाही. कर्करोगाची पेशी एकीची दोन, दोनाच्या चार अशी सुटलेली असते, म्हणून तिला हा मार जास्त बसतो. पण केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारा हाडांतला मगज, ह्यांतही पेशी सारख्या वाढत असतात. त्यांनाही तो लागतो. केस जातात ते ह्यामुळेच.

बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही देतात. एकटे नव्हे, इतर औषधांच्या जोडीने. १९४० च्या दशकापर्यंत हा आजार झालेले मूल काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचेच सोबती असे. आज पुढारलेल्या देशांतील चांगल्या रुग्णालयांत दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात.

इथे मला एका बाईंची आठवण काढलीच पाहिजे, कारण त्या आपल्यासारख्याच मंडळांच्या चळवळीतल्या होत्या. लेडी मेहेरबाई टाटा. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या आणि बालविवाहाविरुद्ध सारडा कायद्यासाठी झटणाऱ्या ह्या बाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. उपचारासाठी त्यांना विलायतेस नेले होते. पण तिथेही त्या वेळी उपाय नव्हता. टाटांच्या घरी पैशाला काय तोटा? पण जे औषध जगात निघालेच नव्हते ते पैशाने कुठून मिळावे! त्यांचे पती सर दोराबजी टाटा ह्यांनी १९३२ साली रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी तिच्या नावाने निधी ठेवला आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले. मागे राहिलेल्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उघडले, तेच हे टाटा स्मारक रुग्णालय. १९६२ साली ते अणुशक्ती खात्याकडे गेले. त्या खात्याचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आणि ज्या आजाराने त्या गेल्या त्याचे एक औषध आपल्या विहिरीच्या कठड्याला उगवणाऱ्या झुडपातून निघावे, हे पाहिले म्हणजे मन थोडे चमकते.

ह्याच परळच्या आवारात डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू ह्यांचे नाते आपल्या देशात उकलून दाखविणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी आवळल्याने तिथल्या कातडीला होणारा कर्करोगही १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई ह्यांनी वर्णिला. पुढे परकराच्या नाडीने आणि साडीच्या गाठीने होणारे तसलेच दुखणे दुसऱ्या डॉक्टरांनी नोंदविले आहे. तेव्हा नाडी जरा सैल बांधावी आणि जागा बदलावी, हे जाता जाता सांगून ठेवते. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले त्याचे पहिले संचालक खानोलकरच.

त्यांच्याच हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविलेल्या कमलाबाई रणदिवे. पुण्याच्या समर्थांच्या घरच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, आणि मूळचा अभ्यास कशाचा? वनस्पतींचा! सीताफळ-रामफळाच्या कुळावर त्यांनी एम. एस्‌सी. केले. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे ह्यांच्याकडे शिकावयास गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या त्यांनी तिथे घेतली आणि परत येऊन मुंबईत देशातली तसली पहिली प्रयोगशाळा उभी केली. घरात विरजण जसे राखावे लागते, एक दिवस विसरले तर गेले, तसेच हे काम. स्तनांच्या कर्करोगावर त्यांनी पुष्कळ संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २००१ साली त्या वारल्या. विज्ञानात काम करणाऱ्या भारतीय स्त्रियांची संघटना १९७३ साली स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने.

ह्या काचेतल्या पेशींमुळेच वनस्पतींची परीक्षा शक्य झाली. जॉर्ज गे ह्यांनी १९५१ साली हेनरिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी वाढविल्या. त्या कधी मेल्याच नाहीत, आजही जगभर वाढत आहेत. ती बाई त्याच वर्षी गेली. तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली पाच मुलांची आई ती. तिला विचारले नव्हते, तिच्या घरच्यांनाही कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. आपण औषधांचा इतिहास सांगतो तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांची नावे घेतो, म्हणून मी हे नाव मुद्दाम घेतले.

आता जाऊबाईंना जे "दुसरे" औषध दिले त्याकडे वळते. आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग किरणे असा क्रम होता. औषधाच्या बाटलीवरचे नाव मी वहीत उतरवून आणले होते. पॅक्लिटॅक्सेल. पहिले नाव टॅक्सॉल. त्याची हकिगत शोधू लागले तो ती मला थेट नंदुरबारला घेऊन गेली!

मनसुखलाल वाणी ह्यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. तेव्हा ते पश्चिम खानदेशात होते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन १९४७ साली बी. एस्‌सी. आणि १९५० साली एम. एस्‌सी. झाले, पुढे अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल ह्यांच्याबरोबर काम करू लागले. तेथील सरकारने देशोदेशींच्या वनस्पती गोळा करून त्यांत कर्करोगावर काही आहे का ते पाहण्याचा मोठा उद्योग मांडला होता. १९६२ साली आर्थर बार्कले ह्या वनस्पतिज्ञाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल आणली. लाकूडतोडे त्या झाडाला कवडीची किंमत देत नसत. तिचा अर्क काचेतल्या पेशींवर चालला. (त्या पेशी वेगळ्या माणसाच्या म्हणून वापरल्या जात, पुढे त्या मुळात हेनरिएटाच्याच निघाल्या.) त्या सालीतून द्रव्य वेगळे करून त्याची रचना उलगडावयास वाणी आणि वॉल ह्यांना १९७१ साल उजाडले. ते नेमके काय करते हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ ह्या बाईंनी दाखविले. सदाफुली सुताला पीळ बसू देत नाही; हे औषध उलट सूत इतके ताठ करून टाकते की जाळे उलगडतच नाही आणि पेशी त्यातच अडकून पडते. अमेरिकेत १९९२ साली अंडाशयाच्या आणि १९९४ साली स्तनांच्या कर्करोगासाठी ते मान्य झाले. रचना कळल्यापासून मोजले तरी वीस वर्षांहून जास्त गेली. औषधाला वेळ लागतो तो असा.

ह्याच वाणी-वॉल जोडीने त्याआधी, १९६६ साली, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसीन काढले होते. चीनमध्ये त्या झाडाला आनंदवृक्ष म्हणतात. गंमत अशी की तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत एका झाडात भरपूर सापडले, आणि त्याचे आपले नाव काय, तर नरक्या! उग्र दुर्गंधी येते म्हणून नरक्या. त्याच्या त्या वेळच्या शास्त्रीय नावातही, माप्पिया फीटिडा, दुर्गंधीच आहे. हा शोध १९७२ साली प्रसिद्ध झाला तो गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून, डॉ. गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्यांनी तो लावला. विरारच्या गाडीतून गोरेगाव मी आयुष्यात किती वेळा ओलांडले असेल! बसायला जागा मिळेल का एवढाच विचार डोक्यात असावयाचा.

कॅम्प्टोथेसीनची गोष्ट सरळ नाही, आणि म्हणून ती मला जास्त खरी वाटते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रोग्यांना ते देऊन पाहिले, तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, जुलाब थांबेनात. प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढे १९८५ साली कळले की ते पेशीच्या कोणत्या मर्मावर बसते. दोराचा पीळ सोडविताना एक धागा कापून, गाठ मोकळी करून पुन्हा सांधावा, तसे काम पेशीत एक द्रव्य करीत असते. कॅम्प्टोथेसीन त्याला कापल्यावर सांधू देत नाही. हे कळल्यावर मूळ द्रव्यात फेरफार करून दोन सौम्य औषधे केली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. १९९६ साली ती दोन्ही अमेरिकेत मान्य झाली, एक अंडाशयाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. म्हणजे झाडाने दिले ते जसेच्या तसे चालले नाही.

आणि नरक्याचे काय झाले? मागणी वाढली तशी कुऱ्हाड चालली. लाकडाचे तुकडे करून पोती भरून ते परदेशी जाऊ लागले. सह्याद्रीतल्या कित्येक जागांतून ते झाड दिसेनासे झाले, आणि वनखात्याने चोरटा माल पकडल्याच्या बातम्या अजून येतात. हिमालयातल्या थुणेर झाडाचीही यूच्याच कुळातले म्हणून तीच गत झाली. सदाफुली शेतात लावता येते म्हणून वाचली, एवढेच.

आता कुणीतरी म्हणेल, बाई, हळदीचे नाव काढले नाही! काढते. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिची दखल घेतली आहे, तेव्हा आपली वसई त्यांच्याच ताब्यात होती. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचे स्वामित्व कुणी आपल्या नावे करून घेतले, ते गोव्याच्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या संस्थेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. तो अभिमान योग्यच आहे. हळदीतले कुर्क्युमिन काचेच्या भांड्यात कर्करोगाच्या पेशींची वाढ आणि त्यांचा आजूबाजूला शिरकाव मंदावते, असेही पुष्कळांनी पाहिले आहे. परंतु काचेच्या भांड्याला पोट नसते, यकृत नसते. खाल्लेले कुर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरते आणि लगेच निघून जाते. २०१७ साली रसायनज्ञांनी सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा माणसांवरच्या कसोशीच्या परीक्षेत ते उतरल्याचे त्यांना दिसले नाही. भाजीत हळद घालावी, दुधात घालावी. पण गाठीवर तिच्या भरवशाने बसू नये.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर मुळातूनच काढून टाकली पाहिजे. तंबाखू वनस्पतीच आहे ना? आपल्या जुन्या बायका भाजून काळी केलेली तंबाखू मशेरी म्हणून हिरड्यांना लावीत. दात बळकट होतात म्हणत. काहीजणी अजून लावतात, आणि त्या कोण ते मी इथे लिहिणार नाही, त्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही मशेरी प्राण्यांवर तपासली आणि तिच्यापासून गाठी होतात असे दाखवून दिले.

जाऊबाईंचे सांगावयाचे राहिले. सगळे केस गेले. हातापायांच्या बोटांना मुंग्या येत, त्या अजून पुरत्या गेल्या नाहीत; बटण लावताना त्यांना मला हाक मारावी लागते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजतो, त्या हाताने पाणी ओढावयाचे नाही. मुलीचे लग्न झाले. डोक्याला पदर घट्ट लपेटून त्या मांडवात उभ्या होत्या, आणि ज्या सोयरिकीच्या भीतीने आम्ही सात महिने लपविले त्या व्याह्यांनीच त्यांना बसावयास खुर्ची आणून दिली. मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारले होते की ते सात महिने वाया गेले नसते तर काखेतली गाठ झाली नसती का. त्या म्हणाल्या, "ते आता कुणी सांगू शकत नाही." मला अजूनही रात्री कधी कधी तो प्रश्न जागे करतो.

तपासणीला आता वर्षातून एकदा जावे लागते. गेल्या खेपेस गाडीत त्यांना मी वाणींची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "नंदुरबारचा मुलगा होय! मग आधी सांगायचे नाही का, मी उगीच विलायती औषध म्हणून घाबरत होते." ते गृहस्थ २०२० च्या एप्रिलात पंच्याण्णवाव्या वर्षी वारले, हेही मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

विहिरीपाशीचे ते झुडूप मी एकदा रागाने उपटावयास गेले होते. जाऊबाईंनी धरू दिले नाही. "त्याने काय केले ग तुझे?" म्हणाल्या. ते आहे तिथेच आहे, ह्या पावसाळ्यात आणखी दोन रोपे आली आहेत. शेजारच्यांची शेळी रोज कुंपणातून मान घालते, शेवग्याच्या पडलेल्या डहाळ्या ओढून खाते, आणि सदाफुलीपाशी आली की नाक फुरफुरून मागे फिरते.